सिक्स्तेन तयार आहे का?

इंगेगेर्डचा फोन आला तेव्हा एवाल्ड ओट्यापाशी बटाटे सोलत उभा होता. फोनवर तो नेहमी जे करी तेच त्याने आजही केलं. समोरचं माणूस काय म्हणतंय ते पुरतं कळण्याआधीच तो "हो" म्हणून मोकळा झाला.

"म्हणजे तुझा सिक्स्तेन तयार आहे?" इंगेगेर्डने पलीकडून विचारलं. तिचा आवाज असा होता की फोन नसता तरी तिच्या शेतावरून स्कारा गावापर्यंत ऐकू आला असता.

"हो, हो," एवाल्ड म्हणाला.

"झालं तर मग! आमची टुवा हिवाळा सरता सरता माजावर येईल. तोवर कागदपत्रं करून ठेव." आणि तिने फोन ठेवला.

"कशाला तयार आहे सिक्स्तेन?" गुनवोरने विचारलं. ही एवाल्डची बायको, खिडकीशी बसून मोजे विणत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या "हो, हो"चा धसका घ्यायला ती शिकली होती.

"बाप व्हायला," एवाल्ड म्हणाला, आणि सोललेल्या बटाट्याऐवजी साल पातेल्यात टाकली.

दोघांनी वळून टेबलाखाली पाहिलं. सिक्स्तेन पोट जमिनीला टेकवून पसरला होता. तसा तो उभा राहिला तरी पोट आणि जमीन यांच्यात फार अंतर पडत नसे. वेस्टरयोतलांड प्रांतातली ही गुरं वळणारी जात. पाय आखूड, छाती रुंद, कान ताठ. हे कुत्रं गाईच्या मागे जातं, तिच्या टाचेला हलकेच दात लावतं आणि लाथ यायच्या आत खाली दबतं. पाय आखूड आहेत ते त्यासाठीच. एवाल्डकडे गाय नव्हती. पण त्याचा थोरला भाऊ हाराल्ड याच्याकडे होत्या, आणि गाईंच्या मागे धावणारी कुत्रीही होती. जन्मभर हाराल्डने ती जपून वाढवली. तो गेला तेव्हा गाई विकल्या गेल्या, म्हाताऱ्या कुत्र्या नातेवाइकांकडे गेल्या आणि त्या रक्ताचा एकच नर उरला. तो आता टेबलाखाली घोरत होता.

गुनवोरला हे ठाऊक होतं, त्यामुळे ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "तयार आहे हे ठरवलं कुणी?"

हा प्रश्न एवाल्डला पुढचे सहा महिने पुरला.

पहिलं उत्तर कुंपणापलीकडून आलं. शेजारी टागे हा निवृत्त मोटारशिक्षक. अर्ध्या गावाला त्याने गाडी शिकवली होती, त्यामुळे अर्ध्या गावाला आपण कधीही ब्रेक मारू शकतो असा त्याचा समज होता.

"तयार आहे का म्हणून काय विचारतोस?" टागे म्हणाला. "माझ्या बुटाला जाऊन विचार. गेल्या आठवड्यात व्हरांड्यात ठेवला होता. सांगायलासुद्धा लाज वाटते मला."

"ती इच्छा झाली, टागे. तयारी वेगळी."

"वा! वाचून आलास वाटतं कुठे?"

एवाल्ड खरंच वाचून आला होता. आयुष्यभर जमिनीच्या मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेलेला माणूस तो. कुठलीही गोष्ट आधी कागदावर पाहिल्याशिवाय ती जगात आहे यावर त्याचा विश्वास बसत नसे. वाचनातून त्याला कळलं ते असं, की कुत्रा वयात येतो तो पुष्कळ आधी, पण शहाणा होतो पुष्कळ नंतर. खुबे बघावे लागतात, डोळे बघावे लागतात. सगळ्यात महत्त्वाचा स्वभाव. भित्र्या बापाची पिल्लं भित्री निघू शकतात. भित्रं कुत्रं गाईसमोर उभं राहत नाही आणि पाहुण्याला चावतं. हे शेवटचं वाक्य एवाल्डने दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं. मिटताना त्याला एकतीस डिसेंबरची संध्याकाळ आठवली. त्या आठवणीचं काय करावं हे न कळल्याने त्याने ती तशीच आत ठेवून दिली.

"माझं ऐकशील तर त्याला हेरिंग मासा घाल," टागे म्हणाला. "कच्चा. माझ्या मामाचा वळू..."

"टागे, वळूला कुणी मासे घालतं का?"

"मामाला घालायचे. ऐकून तर घे पुढचं!"

सिक्स्तेनला एक दिवस हेरिंग घातला गेला. त्याने तो दिवाणखान्यातल्या गालिच्याखाली नेऊन जपून ठेवला, आणि सापडला तो गुनवोरच्या बहिणीला, कॉफीला आली होती तेव्हा.

शेवटी एवाल्डने ठरवलं की कुत्र्याच्या या जातीच्या मंडळाची शरदातली सभा आहे, तिथे जाऊन सरळ विचारावं. विचारायचं वाक्य त्याने घरीच तयार केलं, गाडीत दोनदा म्हटलं, आणि शाळेच्या भोजनगृहात पोचून शेवटच्या रांगेत कोट मांडीवर घेऊन बसला. हेतू असा की कॉफीच्या सुट्टीत कुणाला तरी बाजूला गाठून विचारता येईल. पण कॉफीच्या आधी निवडणुका होत्या.

अध्यक्ष स्टूरे हा उंच, वाळका आणि नियमाने जगणारा माणूस. त्याच्यापुढे लाकडी हातोडी होती आणि तिच्यावर त्याचं मनापासून प्रेम होतं.

"पैदास समितीत एक जागा रिकामी आहे," स्टूरे म्हणाला. "कुणाची इच्छा?"

भोजनगृहात इतकी शांतता पसरली की स्वयंपाकघरातल्या कॉफीच्या यंत्राचं गुरगुरणं ऐकू येऊ लागलं. असल्या सभांना मुरलेली माणसं अशा वेळी काय करायचं ते जाणतात. कुणी बुटाची नाडी बांधतं, कुणाला खोकला येतो, कुणी शेजाऱ्याचं नाव सुचवून टाकतं. एवाल्डला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो नुसता समोर पाहत राहिला.

"मागे बसलेला तो हाराल्डचा भाऊ ना?" कुणीतरी म्हणालं. "घराण्यातच आहे त्याच्या."

"सभेची हरकत आहे? नाही. एवाल्डची हरकत आहे?"

एवाल्डने नकारासाठी तोंड उघडलं. पण नकार बाहेर यायला त्याच्याकडे जरा वेळ लागे, आणि तेवढ्यात हातोडी पडली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून वळून टाळ्या वाजवणारी धिप्पाड बाई म्हणजे इंगेगेर्ड. समितीतली दुसरी सभासद तीच होती, आणि तिसरा खुद्द स्टूरे.

"काय म्हणाले मग?" घरी आल्यावर गुनवोरने विचारलं. "तयार आहे का तो?"

"ते आता मीच ठरवायचं असतं," एवाल्ड खचून खुर्चीत बसला. "म्हणजे सगळ्यांच्या कुत्र्यांचं. फक्त आपल्याचं सोडून."

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. खुब्यांच्या एक्स-रेसाठी सिक्स्तेनला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तेव्हा भोवळ आली ती एवाल्डला. दवाखान्यातल्या मुलीने दोघांना शेजारी शेजारी चटयांवर निजवलं आणि दोघांवर एकसारखी पांघरुणं घातली. खुबे उत्तम निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरने अंधाऱ्या खोलीत सिक्स्तेनच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि म्हटलं, "स्वच्छ आहेत." एवाल्डला रडू आलं. डॉक्टरच्या आवाजामुळे आलं असेल, नाहीतर अंधारामुळे.

उरली स्वभावाची चाचणी.

ही चाचणी गावाबाहेर पाइनच्या रानात होई. कुत्र्याला पट्ट्याने धरून मालकाने पायवाटेने चालायचं, आणि वाटेत नाना प्रकार घडायचे. कधी एकदम जमिनीतून कपड्याचं बुजगावणं उभं राहणार, कधी साखळी पत्र्यावर खडखडणार, शेवटी बंदुकीचे बार. चाचणी घेणाऱ्या बाईचं नाव मोना. तिने एवाल्डला आधीच बजावलं.

"हे बघ, इथे आम्ही कुत्रा बघतो, मालक नाही. तू काही करायचं नाहीस. गप्प उभं राहायचं. जमेल?"

एवाल्डला धीर आला. आयुष्यभराचा सराव कामी येईल अशी परीक्षा त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

बुजगावणं उसळलं तेव्हा सिक्स्तेन एकदा भुंकला आणि जवळ जाऊन त्याची बाही हुंगून आला. साखळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मोना मान डोलावत होती. मग झाडांच्या दोन बाजूंनी भुतं आली.

भुतं येणार हे एवाल्डने वाचलं होतं. पांढऱ्या चादरी पांघरलेली, डोक्यावर पांढरी बादली उपडी घातलेली, त्यावर काळे डोळे रंगवलेले. ती मंडळाचीच माणसं असतात आणि कॉफीच्या बदल्यात भूत होतात, हेही त्याला ठाऊक होतं. पण ती एका लयीत, थांबत थांबत, तुमच्याकडेच बघत पुढे सरकतात, हे पुस्तकात इतकं जिवंत लिहिलेलं नव्हतं. एवाल्डचे पाय रानातल्या झाडांइतकेच खोल रुतले.

सिक्स्तेन भुंकला, पुढे झाला, मागे वळून एवाल्डकडे बघून परत पुढे झाला. मग त्याने डावं भूत हुंगलं आणि शेपूट हलवलं.

"छान!" मोना म्हणाली. "आता एवाल्ड, तूही जा भुतापाशी आणि दोन शब्द बोल त्याच्याशी. कुत्र्याला कळू दे की माणूस आहे."

एवाल्ड हलला नाही.

"एवाल्ड?"

त्याला जायचं होतं. मनाने तो केव्हाच तिथे पोचला होता. पाय मात्र तिथेच. भूत वाट बघत उभं. आणि मग सिक्स्तेन परत आला, एवाल्डला वळसा घालून मागे गेला आणि त्याने त्याच्या डाव्या टाचेला दात लावले. हलकेच. एवाल्डने पाऊल टाकलं. मग उजव्या टाचेला. दुसरं पाऊल पडलं. अशा रीतीने त्या आखूड पायांच्या प्राण्याने मोजणी खात्यातल्या एका निवृत्त नकाशाकाराला गाय हाकावी तसं हाकत हाकत भुतापुढे नेऊन उभं केलं आणि तो बाजूला बसला.

"बोल ना," मागून मोना म्हणाली.

"हवा बरी आहे आज," एवाल्ड भुताला म्हणाला.

"हो," भूत म्हणालं. आवाज स्टूरेचा होता. "आत मात्र फार उकडतंय."

त्यानंतरचे बंदुकीचे बार एवाल्डला धड ऐकूही आले नाहीत. शरमेने त्याचे कान भणभणत होते. सिक्स्तेनने बारांकडे लक्ष दिलं नाही, आणि मोनाने वही मिटून म्हटलं, "असं कुत्रं मी फार दिवसांनी पाहिलं. मालकांना हाकायचा रकाना नाही आमच्याकडे, नाहीतर त्यातही पूर्ण गुण दिले असते."

एवाल्ड घरी आला तो काळजीनेच. बार झाले तेव्हा सिक्स्तेन मालकाच्या टाचांच्या पहाऱ्यात गुंतला होता, म्हणून त्याला ते कळले नसतील, असं त्याच्या मनाने घेतलं. एकतीस डिसेंबरची ती आठवण आता आत राहायला तयार नव्हती.

डिसेंबरात समितीची बैठक भरली. विषय आला सिक्स्तेन आणि टुवा यांचा. स्टूरेने घसा साफ केला.

"एवाल्ड नराचा मालक, इंगेगेर्ड मादीची मालकीण. दोघांचा संबंध येतो. नियमाप्रमाणे दोघांनी बाहेर जायचं."

"मग आत कोण राहणार रे?" इंगेगेर्डने विचारलं.

"मी," स्टूरे गंभीरपणे म्हणाला.

दोघं बाहेर जाऊन कोटांच्या रांगेखाली उभी राहिली. आतून स्टूरे स्वतःलाच प्रस्ताव वाचून दाखवत असल्याचं ऐकू येत होतं.

"हाराल्ड असता तर आज पेटीभर केक आणला असता त्याने," इंगेगेर्ड म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "एकदा त्याने मला पिल्लू द्यायचं नाकारलं होतं, माहीत आहे? मी पैसे घेऊन दारात उभी. म्हणाला, याचा एक दात वाकडा येतोय, तुला आत्ता दिसत नाही पण मला दिसतोय. गेले मी हात हलवत परत."

एवाल्ड बुटांकडे बघत राहिला. आतून "हरकत आहे? नाही," असा स्टूरेचा आवाज आला. आता हातोडी पडणार होती. एवाल्ड गप्प राहिला असता तर सगळं ठीक झालं असतं. गप्प राहून आजवर त्याचं सगळं ठीकच झालं होतं, एक समिती सोडली तर.

त्याने दार उघडलं.

"थांब," तो म्हणाला.

स्टूरेची हातोडी हवेत राहिली. "तू खोलीत नाहीस, एवाल्ड."

"माहीत आहे. मी बाहेरूनच बोलतोय." त्याने एक पाय उचलून उंबऱ्याच्या मागे घेतला. "सिक्स्तेन बारांना घाबरतो. चाचणीत कळलं नाही, पण घाबरतो. दर नववर्षाच्या संध्याकाळी फटाके सुरू झाले की तो शयनगृहातल्या कपाटात जाऊन बसतो. मी स्वतः पाहिलंय. मी असतो तिथे त्याच्याबरोबर."

मागून त्याच्या खांद्यावर भला मोठा हात पडला.

"आणि हे तू आज सांगतोस, होय रे?" इंगेगेर्ड म्हणाली. एवाल्डने मान खाली घातली. "वाकडा दात! शेवटी त्याचाच भाऊ तू. स्टूरे, ठेव ती हातोडी खाली. एकतीस तारखेला मी यांच्या घरी येते आणि डोळ्यांनी बघते. घाबरला तर विषय संपला. माझ्या टुवाला भित्रा नवरा नको, मग तो कुणाच्याही घरचा असो."

एकतीस तारखेला अंधार दुपारीच पडला. इंगेगेर्डने दारात बूट काढले आणि मुरवलेल्या हेरिंगची बरणी गुनवोरच्या हातात दिली. बरणी पाहून सिक्स्तेन गालिच्याकडे गेला. टागेला कुणी बोलावलं नव्हतं. तो साक्षीदार म्हणून आला होता.

"मुलं जेवणाआधीच सुरू करतात," टागे म्हणाला. "कोपऱ्यावरच्या घरातल्यांनी यंदा खूप आणलेत. मी पाहिलेत."

सिक्स्तेन हाडूक चघळत पडला होता. एवाल्ड त्याच्याकडे बघत होता, आणि मनातल्या मनात तो हाराल्डची माफी मागून चुकला होता. त्याने जन्मभर जपलेलं रक्त. आणि त्याचा शेवट आपल्या कपाटात.

बाहेर पहिला बार झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"मी जरा पुस्तक घेऊन येतो," एवाल्ड म्हणाला आणि उठून आत गेला.

बाकी तिघं सिक्स्तेनकडे बघत होती. सिक्स्तेनने हाडूक खाली ठेवलं आणि सुस्कारा टाकला. ऑफिसच्या रोजच्या कामाला उठावं तसा तो उठला, शेपूट ताठ करून एवाल्डच्या मागोमाग गेला.

"बघा! गेला!" टागे म्हणाला.

इंगेगेर्ड मोज्यांनीच त्याच्या मागे गेली. शयनगृहातलं कपाट अर्धं उघडं होतं. आत, हिवाळी कोटांच्या मागे, मांडीवर पुस्तक उपडं ठेवून आणि दोन्ही कानांवर गुनवोरच्या लोकरी टोप्या दाबून एवाल्ड बसला होता. कपाटाच्या तोंडाशी, त्याच्याकडे पाठ आणि बाहेर तोंड करून सिक्स्तेन बसला होता. आणखी एक बार झाला. कपाटातले हँगर किणकिणले. सिक्स्तेनने जांभई दिली.

इंगेगेर्डने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग मालकाकडे.

"गुनवोर," ती हाक मारून म्हणाली, "तुमच्या घरात घाबरतं कोण?"

"एवाल्ड," गुनवोर दारातून म्हणाली. "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मी त्याला सोबत म्हणून बसतो!" कपाटातून आवाज आला. "तो एकटा पडू नये म्हणून!"

"अरे राजा, सिक्स्तेन या घरात येण्याआधी दर वर्षी याच वेळी तू कपाट आवरायला बसायचास."

कपाटात एका कानावरची टोपी खाली आली.

"तू कधी बोलली नाहीस," शेवटी एवाल्ड म्हणाला.

"कपाट आवरून होत होतं," गुनवोर म्हणाली.

पण इंगेगेर्ड नियमाची बाई होती. दिसलं त्यावर भागणार नव्हतं. कुत्रा मालकामुळे उठतो की बारामुळे, हे पक्कं व्हायला हवं होतं. आणि त्याला उपाय एकच.

"एवाल्ड, बाहेर ये आणि खुर्चीत बस. सगळे बार होईपर्यंत उठायचं नाही. तू बसून राहिलास तर कळेल."

"आणि मी उठलो तर?"

"तर हाराल्डची कुत्री संपली," इंगेगेर्ड म्हणाली. तिने ते दुष्टपणे म्हटलं नाही.

एवाल्ड येऊन खुर्चीत बसला. कोपऱ्यावरच्या घरातल्यांनी टागेच्या शब्दाला जागायचं ठरवलेलं होतं. आभाळ तडकत होतं, काचा वाजत होत्या. एवाल्डने खुर्चीचे हात असे धरले होते की नंतर लाकडावर खुणा शोधल्या असत्या तर सापडल्या असत्या. गुनवोरने विणकाम घेतलं होतं, पण टाके घालत नव्हती. टागेने तोंड उघडलं तेव्हा इंगेगेर्डने त्यात एक बिस्कीट घातलं. टेबलाखाली सिक्स्तेन परत हाडकाकडे वळला होता. सगळ्यात मोठा बार झाला तेव्हा त्याचा एक कान हलला. बस.

त्या बाराला एवाल्ड अर्धा उठला होता. उठला तो कपाटाच्या दिशेनेच. सिक्स्तेनने हाडूक तोंडातून न सोडता मान लांब केली आणि हाडकासकट त्याच्या टाचेला नाक लावलं. एवाल्ड परत खाली बसला.

बाहेर शांत झालं. धुराचा वास आत आला.

"तयार आहे," इंगेगेर्ड म्हणाली. "कुत्रा तयार आहे. तुझं बघू पुढच्या वर्षी."

मार्चच्या सुरुवातीला सिक्स्तेन आणि टुवा यांची भेट शेतावर झाली. वरपक्षाच्या पाहुण्याला इंगेगेर्डने गाडीतच बसवून ठेवलं. तो फार काळजीने बघतो आणि त्याने टुवा बिथरते, असं तिचं म्हणणं पडलं. एवाल्डने गाडीत बसून एक पुस्तक उलटं धरून वाचलं.

मेमध्ये त्याला परत बोलावणं आलं. दारात बूट काढून तो स्वयंपाकघरात गेला, तर चुलीशेजारच्या पेटीतून पाच पिल्लं बाहेर सांडली होती. डोळे नुकते उघडलेली, पोट जमिनीला टेकलेली. एवाल्ड उंबऱ्यातच थांबला. काहीतरी बोलायला हवं होतं. हाराल्डबद्दल असतं तर बरं झालं असतं. गाडीत त्याने ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण इंगेगेर्ड बघत होती, गुनवोर मागे उभी होती, आणि त्याचे पाय उंबऱ्यात रुतले होते.

एक राखाडी पिल्लू पेटीपासून दूर, धडपडत त्याच्या मागे गेलं. कुणी त्याला शिकवलं नव्हतं, शिकवायला अजून वेळच मिळाला नव्हता. त्याने एवाल्डच्या मोज्याची टाच बोळक्या हिरड्यांत धरली आणि दाबली.

एवाल्डने पाऊल पुढे टाकलं.